अर्ध्या पट्ट्या

"मॅडम, पोळ्याच्या आत सुटी भेटन ना?"

नाकातून दुर्बिणीची नळी घालण्याआधी यमुना मेश्रामने मला हा एकच प्रश्न विचारला. बाकीचे पेशंट दुखेल का, श्वास अडकेल का असं विचारतात. हिला पोळ्याची काळजी. वय चौतीस. भंडाऱ्याकडच्या एका धानाच्या गिरणीत अकरा वर्षं काम, आणि दोन महिन्यांपासून दम आणि कोरडा खोकला. सात वर्षांच्या मुलाला शेजारणीकडे ठेवून ती एकटीच आली होती.

"पोराले सांगून आली मी, तान्ह्या पोळ्याले येते म्हणून. त्याचा लाकडाचा नंदी रंगवायचा हाय."

"मिळेल सुटी," मी म्हणाले. पोळा बारा दिवसांवर होता आणि मला तिचं तोंड बंद करून काम उरकायचं होतं. त्या सकाळपर्यंत मी सलग तीस तास ड्युटीवर होते. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात छातीच्या विभागात मी तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट. साताऱ्याहून इथे आले तेव्हा इथल्या उन्हाचा वैताग होता, तिसऱ्या वर्षी वैतागायचंही त्राण उरलं नव्हतं.

यमुनाच्या फुप्फुसात मी सलाईन सोडलं, परत ओढून घेतलं. असं धुवून घेतलेल्या पाण्यात फुप्फुसातल्या पेशी येतात. त्या बघितल्या की आत काय चाललंय ते कळतं. परत आलेलं पाणी गढूळ होतं, तांदळाच्या धुवणासारखं. माझ्या ते लक्षात आलं, हे इथेच सांगून ठेवते.

ते पाणी भरलेली काचेची नळी घेऊन मी लॅबमध्ये गेले. लॅबच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सिंक, एक टेबल, आणि खिडकीतून येणारा बऱ्यापैकी उजेड. आतल्या खोलीत मायक्रोस्कोप आणि लांजेवार काका.

बाहेरच्या टेबलावर माझा थीसिस चालायचा. लघवी तपासायची पट्टी कुठल्याही लॅबमध्ये असते. तिच्यावरचा एक चौकोन पस सेल असल्या की जांभळा होतो. पस सेल म्हणजे जंतुसंसर्ग झाला की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. तीच पट्टी फुप्फुसातल्या पाण्यात बुडवली तर? दोन मिनिटांत उत्तर मिळेल. नाहीतर त्याच कामाला मायक्रोस्कोप लागतो, तासभर वेळ लागतो, आणि लांजेवार काकांसारखा माणूस लागतो, जो तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणणार? साठ पेशंट घ्यायचे. पट्टी मी बघायची, पेशी काकांनी मोजायच्या, आणि दोन्ही किती जुळतात ते मांडायचं. एवढाच थीसिस.

माझे गाइड मोहरील सर शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, "एकमेकांच्या पाटीत डोकावायचं नाही. घोरपडे, तू तुझी पट्टी लिही. लांजेवार, तुम्ही तुमचा काउंट लिहा. शेवटी मी दोन्ही वह्या शेजारी ठेवीन."

त्या दिवशी मी डबीतून पट्टी काढली, पाण्यात बुडवली, घड्याळ लावलं. दोन मिनिटं झाली. चौकोन पांढरा म्हणावा तर पांढरा नव्हता, जांभळा म्हणावा तर जांभळा नव्हता. धुतलेल्या साडीवर दुसऱ्या कपड्याचा रंग लागावा तेवढीच झाक. डबीवरच्या रंगांच्या तक्त्याशी ताडून बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं. मग वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, नळीवर फक्त नंबर टाकला, आणि पेशंटच्या फॉर्मसकट आत दिली.

"या जी मॅडम," काका म्हणाले. "त्रेपन्नावा ना?"

"हो. जरा लवकर करता का?"

"करतो ना. तुम्ही दोन घास खाऊन घ्या. तोंड पाहा तुमचं, कसं झालं ते."

लांजेवार काका चौपन्न वर्षांचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि डोक्याला तेल. अठ्ठावीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसत होते. ते पेशी मोजायला लागले की टकटक आवाज यायचा. एकेका प्रकारच्या पेशीला एकेक बटण असलेलं छोटं यंत्र त्यांच्या डाव्या हाताखाली असायचं, आणि शंभर झाले की त्याची घंटी वाजायची. बाहेर बसलेला माणूस घंटी ऐकून सांगू शकायचा की काउंट झाला. विभागात कुणी एखाद्या रिपोर्टवर शंका घेतली की मोहरील सर म्हणायचे, "लांजेवारचा आहे ना? मग झालं."

तासाभराने मी वॉर्डातून फोन केला.

"काका, किती आले?"

"त्रेपन्न नंबर? साफ हाय जी. पस सेल चार टक्के. लिम्फो चाळीस."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. वही उघडली, प्रश्नचिन्ह खोडलं, आणि पेनाने लिहिलं: निगेटिव्ह.

पस सेल नाहीत म्हणजे संसर्ग नाही. लिम्फो, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या म्हणजे गिरणीच्या धुळीची ॲलर्जी फुप्फुसात मुरलेली. गिरणीवाल्या पेशंटमध्ये आम्ही हे नेहमी बघायचो. त्याच्यावर औषध एकच, स्टेरॉइड. संसर्ग असताना ते दिलं तर आगीत तेल, पण संसर्ग नव्हताच. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या रीतींनी तसं सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी मी गोळ्या सुरू केल्या.

त्याच दुपारी मोहरील सरांनी दोन्ही वह्या मागवून घेतल्या. त्रेपन्नपैकी एक्कावन्न जुळत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घोरपडे, इतकं जुळतं?"

"हो सर."

"मला वाटलं होतं ऐंशी टक्के जुळेल, फार तर पंच्याऐंशी. हे जरा जास्तच चांगलं आहे." मग ते हसले. "असो. चांगलं आहे ते चांगलं आहे. महिनाअखेर सबमिट करायचं. दिल्लीच्या कॉन्फरन्सलाही पाठवू."

मी खूश व्हायला हवं होतं. मला फक्त झोपायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी यमुनाला ताप भरला. गुरुवारी सकाळी तो एकशे तीन, आणि ऑक्सिजनशिवाय तिला वाक्य पुरं करता येईना. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला तर उजव्या बाजूला खालपर्यंत नुसती चरचर.

"मॅडम," ती म्हणाली आणि दम घ्यायला थांबली. "पोळा... किती दिवस?"

"नऊ. बोलू नका तुम्ही."

"गोळ्या घेतल्यापासून... जास्त वाटून राहिलं."

त्या पाण्यातले जंतू वाढवून बघायला लावलं होतं, पण त्या कल्चरचा रिपोर्ट यायला अजून एक दिवस होता. मला ते धुवणासारखं पाणी आठवलं. तसं ते सोमवारपासून आठवतच होतं, पण दर वेळी मी स्वतःला म्हणत होते, लांजेवार काकांचा काउंट आहे. मी जिना उतरून लॅबमध्ये गेले. दीड वाजला होता, काका डबा खायला गेले होते.

स्लाइडची पेटी शेल्फवर होती. त्रेपन्न नंबरची स्लाइड काढली, मायक्रोस्कोपखाली लावली आणि डोळा लावला. मला मोजायची गरजच पडली नाही. जिकडे स्लाइड सरकवावी तिकडे पस सेल. चार टक्के कसल्या, शंभरात ऐंशी होत्या. चुकीची स्लाइड असेल म्हणून नंबर पुन्हा वाचला. त्रेपन्नच होता.

वॉर्डात फोन करून मी सिस्टरला स्टेरॉइड तिथल्या तिथे बंद करायला सांगितलं, दोन अँटिबायोटिक सांगितले आणि मोहरील सरांना निरोप ठेवला. मग काकांची काउंटची वही शोधायला त्यांचा ड्रॉवर उघडला. वहीखाली एक औषधाची जुनी डबी होती, शेजारी छोटी कात्री. डबीत माझ्या पट्ट्या होत्या. म्हणजे माझ्याच डबीतल्या, पण उभ्या कापून अर्ध्या केलेल्या. काडीएवढ्या बारीक.

सरकारी लॅबमध्ये ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. पट्ट्यांचा साठा संपत आला की त्या उभ्या कापायच्या, एका पट्टीत दोन पेशंट होतात. चौकोन अर्धा झाला तरी रंग तोच येतो. पण माझ्या थीसिसला पट्ट्यांची कमतरता नव्हती, आणि काकांना पट्टीशी काहीही देणंघेणं नव्हतं. निदान नसायला हवं होतं.

मी बाहेरच्या टेबलावरची मोठी डबी उचलून बघितली. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. ओल शोषून घेणारी पुडी डबीत नव्हती. बाहेर तीन आठवडे पावसाची झड लागलेली, भिंतींना बुरशी आलेली. त्या हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या रंग काय दाखवणार?

काका आले ते ओला रुमाल झटकत. माझ्या हातातली डबी त्यांनी पाहिली की नाही मला कळलं नाही. ते आपल्या स्टुलावर बसले.

"काका, त्रेपन्न नंबर पुन्हा बघाल?"

"काऊन जी?"

"बघा ना."

त्यांनी डोळा लावला. चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, मान जरा तिरपी केली, मग दुसरा डोळा लावला. डावा हात सवयीने बटणांवर गेला आणि तिथेच थांबला.

"काय दिसतंय?"

त्यांनी बटणांवरचा हात काढून मांडीवर घेतला. मग मायक्रोस्कोपपासून मान न उचलताच म्हणाले, "मधात काळं दिसते, मॅडम. कडेकडेनं थोडं दिसते. मधात नाही."

"कधीपासून?"

"उजव्याचं दोन वर्षं झाले. डाव्याचं यंदा उन्हाळ्यात सुरू झालं. शुगरनं पडदा खराब झाला म्हणते डॉक्टर."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? रिटायर व्हाले चार वर्षं राह्यले होते. मले दुसरं काय येते, सांगा. उद्या मले स्टोअरमधे बसवतील, सलाईनच्या बाटल्या मोजाले." त्यांनी आता मान उचलली. "तुमच्या थीसिसचे पहिले वीस मी खरे मोजले जी. डोळे फाडून मोजले. अन् मग सहज पट्टी बुडवून पाह्यली. बरोबर जुळत होती. एकदा नाही, वीसच्या वीस. मनात म्हटलं, माह्या डोळ्यापेक्षा ही खरी. तवापासून पट्टी पाहूनच आकडा टाकत गेलो. रंग मोठा असते, मॅडम. कडेनंबी दिसते."

"आणि यंत्राची टकटक?"

"तुम्ही बाहेर बसत होत्या ना."

मला राग आला. खूप आला. तीन वर्षांचा सगळा थकवा त्या रागात गोळा झाला. "काका, लिम्फो चाळीस कुठून आणल्या? पट्टी तर लिम्फो दाखवत नाही."

"फॉर्मवर गिरणी लिहिलेलं होतं. गिरणीवाल्याले तेवढ्याच येतात."

"ती बाई मरेल कदाचित. माझ्या थीसिसचं जाऊ द्या. ती बाई मरेल. तुम्हाला पट्टीवर एवढा भरवसा होता, तर माझ्या कामात कशाला शिरलात? मी माझी पट्टी लिहीतच होते ना?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. आता मला माहीत होतं की त्यांना माझा चेहरा दिसत नसणार, फक्त कडा दिसत असणार. त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. खरंच न कळलेली गोष्ट विचारावी तसं ते म्हणाले:

"पण तुम्ही तर मले फोन करत होत्या ना, मॅडम. किती आले काका, म्हणून. मले वाटे, तुम्ही पट्टी लिहून झाल्यावर जुळवाले विचारता. तुम्ही काय विचारून लिहीत होत्या?"

 मी वही छातीशी धरली. त्या वहीत किती प्रश्नचिन्हं खोडलेली होती ते मला मोजायची गरज नव्हती. अठरा तरी असतील. पट्टीचा रंग स्वच्छ असला की मी लगेच पेनाने लिहायची. जरा शंका आली की पेन्सिल, आणि मग फोन. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला विचारणं ही नम्रता आहे अशीच माझी समजूत होती. काका पट्टी पाहून आकडा सांगत होते आणि मी आकडा ऐकून पट्टी लिहीत होते. यमुना मेश्रामच्या फुप्फुसाकडे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

शुक्रवारी कल्चर आलं, जंतू होतेच. यमुनाला त्याआधीच आयसीयूत हलवावं लागलं होतं, आणि पुढचे पाच दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. मी ड्युटी नसतानाही तिच्या बेडपाशी जाऊन उभी राहायची. काही करण्यासारखं नसायचं. सिस्टर म्हणायची, "मॅडम, जा ना, झोपा." मी देव मानत नाही, पण त्या पाच दिवसांत मानला.

तिच्या व्हेंटिलेटरच्या तिसऱ्या दिवशी मोहरील सरांनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. स्लाइड त्यांनी स्वतः पाहिली होती. काकांनी डोळ्यांचं आणि अर्ध्या पट्ट्यांचं आपण होऊन सगळं सांगितलं, हात पुढे बांधून, शाळेतल्या मुलासारखं. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सरांना काकांबद्दल किती वाटायचं ते मला ठाऊक होतं, म्हणून त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग सर माझ्याकडे वळले.

"घोरपडे, तुझी बाजू मला स्पष्ट हवी. अधिष्ठात्यांना लेखी द्यायचं आहे. तू पट्टी वाचायचीस ती स्वतंत्र? लांजेवारांचा आकडा कळायच्या आधी?"

टेबलावर माझी वही होती. सरांनी ती उघडली असती तर खोडलेलं दिसलं असतं. त्यांनी उघडली नाही. माझ्या वडिलांना साताऱ्याला फोन करून मी मंगळवारीच सांगितलं होतं की महिनाअखेर सुटले. माझ्या शेजारी काका बसले होते, त्यांच्या तेलाचा वास येत होता.

"हो सर," मी म्हणाले.

"लांजेवार, हे बरोबर?"

काकांना क्षणभरही लागला नाही. "होय जी. मॅडमनं त्यांचं त्यांनी लिहिलं. चूक माही एकट्याची."

सरांनी तसं लिहून घेतलं. आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. काकांना सहीची जागा दिसेना, तेव्हा मी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. एवढं मात्र केलं मी.

यमुना वाचली. पोळा तिच्याशिवाय झाला. पोळ्यानंतर सोळाव्या दिवशी तिला सुटी दिली, तेव्हा शेजारीण मुलाला घेऊन आली होती. मुलाच्या हातात न रंगवलेला लाकडी नंदी होता, चाकं लावलेला. यमुनाने त्याला माझ्या पाया पडायला लावलं.

"ह्या मॅडमनं वाचवलं तुह्या मायले," ती त्याला म्हणाली. "रात-दिवस उभ्या राह्यल्या."

मी मागे सरकले. मुलाला वाटलं मला नमस्कार आवडत नाही, आणि तो नंदी ओढत दाराकडे गेला.

मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. दुसऱ्या विभागातल्या पॅथॉलॉजिस्टने जुन्या सगळ्या स्लाइड नव्याने मोजल्या, थीसिससाठी मी नवे साठ पेशंट घेतले आणि त्यांच्या पेशीही त्यानेच मोजल्या. आकडा त्र्याऐंशी टक्क्यांवर आला. सरांनी आधी म्हटलं होतं तेवढाच. थीसिस पास झाला. त्यात आभाराच्या पानावर काकांचं नाव नाही. तसं सुचवण्यात आलं होतं आणि मी ते मान्य केलं.

काकांना मेडिकल बोर्डापुढे उभं केलं, मग स्टोअरमध्ये बसवलं. दिवाळीपर्यंत त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ते लॅबची किल्ली द्यायला आले, भिंतीला हात लावत. आतल्या खोलीत नवा मुलगा मोजायला बसला होता, टकटक चालू होती. काका दारात थांबून ऐकत राहिले. शंभराची घंटी वाजली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"काका," मी म्हणाले. त्या केबिनबद्दल काहीतरी बोलायचं मी दहा दिवस ठरवत होते. "त्या दिवशी सरांपुढे तुम्ही..."

"जाऊ द्या जी." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ती नीट ठेवली गेली का ते हातानेच चाचपून पाहिलं. "माह्यं तर सरलंच होतं. दोघांचं काऊन बुडवा?"

मी रडले असते तर बरं झालं असतं. पण नाही रडले.

याला आता एकोणीस वर्षं झाली. माझा स्वतःचा दवाखाना आहे, पट्ट्यांची डबी टेबलावर असते, झाकण घट्ट लावलेलं, पुडी आत. हाताखालचे डॉक्टर माझ्या शिस्तीला कंटाळतात. पेन्सिल मी दवाखान्यात ठेवू देत नाही, त्याची ते मागे टिंगलही करतात. करू देत.

त्या दिवशी काका दारापर्यंत गेले आणि वळले. जिथे मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "एक सांगू का, मॅडम? राग नका मानू."

"सांगा."

"पुढच्या वेळेस पट्टी आधी पेनानं लिहा. मग फोन करा."

मी हो म्हणाले. मग त्यांना जिना दिसणार नाही म्हणून त्यांचा हात धरला आणि खालपर्यंत सोडायला गेले.